जेल पुढेच का सरकतं? बाल्टिमोरच्या रांगत्या जेलचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स रोबोटिक्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यातली घटना छोटीशी आहे. पाण्याच्या भांड्यात, सपाट तळावर, जेलचा एक तुकडा ठेवलेला आहे. पाणी आळीपाळीने गरम आणि गार केलं की तो प्रत्येक फेऱ्याला थोडा सरकतो, आणि दर वेळी एकाच दिशेने सरकतो. मोटर नाही, तार नाही, बॅटरी नाही. हे काम अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं. पहिल्या लेखिका ऐश्वर्या पंतुला, गट डेव्हिड ग्रासियस यांचा. बातम्यांनी या तुकड्याला ‘जेलबॉट’ हे नाव दिलं.

बातम्यांचा सगळा भर ‘जेल आपणहून हालतं’ यावर होता. त्यात खरं तर नवं काहीच नाही; उष्णतेने आकसणारं जेल १९८० च्या दशकापासून माहीत आहे. विचार करायला लावणारा प्रश्न वेगळा आहे. आकसणं आणि फुगणं या एकमेकींच्या उलट क्रिया. जितकं आत, तितकंच बाहेर. फेरा पूर्ण झाला की तुकडा मूळ जागीच असायला हवा. तो पुढे जातो, आणि पुढेच जातो, हे कशामुळे? आणि जात असेल तर पाठीवर काही वाहून नेऊ शकेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेलं आहे, असं माझं मत आहे. म्हणून क्रम तोच ठेवतो.

बत्तीस अंश

हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्यांची जाळी आणि तिच्यात अडकलेलं पाणी. रांगत्या जेलचा हालणारा भाग पॉलि-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइडचा आहे; प्रयोगशाळांत त्याला सरळ ‘पीनिपाम’ म्हणतात. या साखळीवर दोन स्वभावांचे गट शेजारी शेजारी असतात. अमाइड गट पाण्याला धरून ठेवतो, आयसोप्रोपिल गटाला पाणी नकोसं असतं. गार असताना पाण्याचे रेणू आयसोप्रोपिल गटाभोवती शिस्तीत उभे राहतात आणि साखळी पसरलेली असते. तापमान वाढलं की ही शिस्त ऊर्जेच्या हिशेबात महाग पडते. पाणी मोकळं होतं, साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि जाळी आकसते. हे सुमारे ३२ अंश सेल्सिअसला घडतं, तेही हळूहळू नाही, काही अंशांच्या टप्प्यातच.

पीनिपामच्या द्रावणाचं हे वागणं हेस्किन्स आणि गिले यांनी १९६८ मध्ये मांडलं. जेलचं आकारमान असं एकदम कोसळू शकतं हे एमआयटीतल्या तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवलं. त्यांचं ते जेल पॉलिॲक्रिलामाइडचं होतं आणि कोसळण्यासाठी त्याला ॲसिटोन मिसळलेलं पाणी लागलं. पीनिपामच्या जेलमध्ये केवळ उष्णतेने तेच घडतं, हे हिरोकावा आणि तानाका यांनी १९८४ मध्ये दाखवलं.

हा विषय पुण्याला परका नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले, मनोहर बदिगेर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशा जेलांच्या उष्मागतिकीवर बरंच काम केलं. साखळीत दुसरे घटक गुंफून जेलची उष्णतेला मिळणारी प्रतिक्रिया हवी तशी कशी घडवता येईल, यावरचा त्यांचा निबंध १९९८ चा आहे. ढोबळ नियम असा: पाण्याला धरून ठेवणारा घटक मिसळला की आकसण्याच्या तापमानाचा उंबरठा वर जातो, पाणी टाळणारा मिसळला की खाली येतो. मीठ घातलं तरी तो काही अंशांनी खाली येतो.

हा तपशील नुसता पुस्तकी नाही. ३२ अंश हा आकडा बाल्टिमोरच्या वातानुकूलित खोलीला सोयीचा आहे. खोली २२ला, पाणी तापवायचं ५०पर्यंत, उंबरठा बरोबर मध्ये. नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणीच ३२च्या वर असतं. तिथे साधं पीनिपाम दिवसभर आकसलेलंच राहील, आणि ‘गार’ करायला बर्फ आणावा लागेल. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी आधी ऋतू पाहावा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ॲक्रिलामाइडचा मोनोमर, म्हणजे साखळीत न गुंफलेला सुटा रेणू, मज्जासंस्थेला घातक असतो. जेल झाल्यावर, नीट धुतल्यावर चिंता उरत नाही, पण ते बनवण्याचा उद्योग घरच्या ओट्यावर करायचा नाही.

आधी वेळेचं गणित

जेल गरम व्हायला किती वेळ लागतो? फार थोडा. पाण्यात उष्णतेचं विसरण, म्हणजे पसरणं, सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर या गतीने होतं, त्यामुळे मिलिमीटरभर जाडीतून उष्णता काही सेकंदांत पार होते. आकसायला मात्र पाणी बाहेर जावं लागतं, आणि जाळी पाण्यातून सरकावी लागते. या संयुक्त हालचालीचा विसरण गुणांक सेकंदाला साधारण ०.००००१ चौरस मिलिमीटर आहे. म्हणजे उष्णतेच्या दहा हजार पट मागे.

तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्ये याचा नियम सांगितला: लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका बाजूने बंद असलेल्या थराला तो लावून पाहू. थर १० मायक्रॉनचा असेल तर सुमारे ४ सेकंद. ०.१ मिलिमीटरचा असेल तर ७ मिनिटांच्या आसपास. अर्धा मिलिमीटर झाला की ३ तासांजवळ. पूर्ण मिलिमीटरला ११ तास. भरीत भर म्हणजे जेल एकदम तापवलं तर बाहेरची कातडी आधी आकसून घट्ट होते आणि आतलं पाणी कोंडते. जाळी सच्छिद्र ठेवून, किंवा साखळ्यांना मोकळी टोकं असलेल्या उपशाखा जोडून हा वेळ बराच खाली आणता येतो. ओकानो, सकुराई आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा उपशाखांचं जेल करून दाखवलं होतं. पण जाडीच्या वर्गाचा नियम तिथेही पाठ सोडत नाही. हा आकडा लक्षात ठेवायचा, पुढे ओझ्याच्या वेळी तो आडवा येणार आहे.

दोन थर

एकसंध तुकडा तापवला तर तो सगळीकडून लहान होतो, बस. हालचाल हवी तर आकसण्याला वाकण्यात बदलावं लागतं. युक्ती जुनी आहे: आकसणारा थर आणि न आकसणारा थर एकमेकांना चिकटवायचे. द्विधातू पट्टीचं गणित तिमोशेंको यांनी १९२५ मध्ये मांडलं, तेच इथे लागू पडतं. उत्तर टेक्सास विद्यापीठातल्या झिबिंग हू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘सायन्स’मध्ये पीनिपाम आणि पॉलिॲक्रिलामाइडची अशी जोडपट्टी दाखवली. पॉलिॲक्रिलामाइडला या तापमानांचं काही देणंघेणं नसतं, म्हणून तो निष्क्रिय थर. अशाच पट्ट्यांपासून त्यांनी पाण्यात वस्तू धरणारा आणि सोडणारा जेलचा ‘हात’ही केला.

धातूच्या पट्टीत दोन थरांच्या लांबीतला फरक हजारात एखादा असतो. जेलमध्ये तो सहज पाचात एक होतो. त्यामुळे १ मिलिमीटर जाडीची जोडपट्टी, दोन्ही थर सारखे धरले तर, सुमारे ३ मिलिमीटर त्रिज्येइतकी घट्ट वळू शकते. इतकं वाकणं कुठल्या धातूला झेपणार नाही. जेलच्या वाट्याला निसर्गाने दिलेली श्रीमंती एवढीच. बळाच्या बाबतीत ते दरिद्री आहे.

बाल्टिमोरच्या जेलमध्ये हीच पीनिपाम-पॉलिॲक्रिलामाइड जोडी आहे. फरक मांडणीत आहे: त्रिमितीय छपाईने केलेले दुपदरी खंड, आणि त्यांना जोडणारा एक दुवा, जो तळाला टेकत नाही. अधांतरी असतो.

दिशा कुठून येते

आता मूळ प्रश्न. एक पट्टी घ्या, दोन्ही टोकांना पाय, दोन्ही पायांवर सारखा भार. पट्टी आकसली की दोन्ही पाय सारखेच आत येतात. फुगली की सारखेच बाहेर जातात. मधला बिंदू जागचा हलत नाही.

मग एक पाय जड करू. इथे बहुतेकांना वाटतं की जमलं, आता पट्टी जड पायाच्या दिशेने चालू लागेल. नाही लागत. आकसताना जड पाय जागेवर राहतो आणि हलका त्याच्याकडे सरकतो. फुगताना जड पाय पुन्हा जागेवरच, आणि हलका तेवढाच मागे. फेरा संपला, हिशेब शून्य. दोन पायांच्या घर्षणात फरक असणं पुरेसं नसतं. तो फरक फेऱ्याच्या मध्यावर उलटा व्हावा लागतो: आकसताना पुढचा पाय रुतलेला हवा, फुगताना मागचा. वर्गात हा प्रश्न घातला की यंत्रशास्त्राचे चांगले विद्यार्थीही पहिल्या फेरीत अडकतात, म्हणून इथे थांबलो.

सोयाबीनच्या पानावरची उंटअळी नेमकं हेच करते. मागचे पाय रोवून अंग पुढे टाकते, मग पुढचे रोवून मागचा भाग ओढून घेते, आणि पाठीला कमान येते. पण कोणता पाय कधी रोवायचा हे तिच्या चेतातंतूंना माहीत असतं. जेलला ते सांगणारं कोणी नाही.

‘हळू जा, झटक्यात ये’ ही यंत्रवाल्यांची दुसरी आवडती युक्तीही इथे चालत नाही. तिला जडत्व लागतं, आणि तासभर आकसत बसणाऱ्या पदार्थाला जडत्व असून नसल्यासारखंच.

आधीच्या संशोधकांनी हा पेच जमिनीवर ढकलला होता. जपानमध्ये ओसादा, ओकुझाकी आणि होरी यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये विजेवर चालणारं जेल दाखवलं, ते दातेरी पट्टीला लटकून मिनिटाला २५ सेंटिमीटर या वेगाने जात होतं. दाते एकाच बाजूला कललेले, म्हणून मागे घसरणं बंद. २००७ मध्ये योशिदा आणि हाशिमोतो यांच्या गटांनी पुन्हा पुन्हा उलटसुलट होणाऱ्या रासायनिक क्रियेवर स्वतःच फुगणारं-आकसणारं जेल चालवलं, तेही खाचांच्या तळावरच. चाल जेलची, दिशा जमिनीची. प्रयोग म्हणून सुंदर, पण जिथे जायचं तिथे आधी खाचा कोरून ठेवायच्या असतील तर त्या जेलचा उपयोग प्रदर्शनापुरताच.

बाल्टिमोरच्या निबंधाचं मोल या जागी आहे. तळ सपाट, खाचा नाहीत, पाणी सगळीकडून सारखंच तापतं, एका बाजूने प्रकाश टाकण्याचीही भानगड नाही. तरी तुकडा एकाच दिशेने जातो, कारण पायांवरच्या भाराची वाटणी फेऱ्यात आपोआप बदलते. लेखकांनी त्यालाच स्पर्शबलांची असमानता म्हटलं आहे, आणि ती वस्तूचे बारीक भाग पाडून हिशेब करणाऱ्या, संगणकावरच्या फायनाइट एलिमेंट प्रतिकृतीतून आणि प्रत्यक्ष प्रयोगातून, दोन्हीकडून तपासली आहे.

साध्या स्थितिशास्त्राने हे असं समजून घेता येतं. दोन ठिकाणी टेकलेल्या वस्तूचं पाण्यातलं एकूण वजन ठरलेलं असतं. ते कोणत्या टेकूवर किती पडेल हे एकाच गोष्टीवर ठरतं: गुरुत्वमध्य कोणत्या टेकूच्या जास्त जवळ आहे. दुपदरी खंड वळले की तळाला टेकणारी जागा बदलते, कधी कडेवर येते, कधी पोटावर. गुरुत्वमध्यही सरकतो. शरीर दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखं असतं तर ही सरकासरक एकमेकांना रद्द करती. सारखं नाही, म्हणून वाटणी एकदा या पायाकडे झुकते आणि आकार पालटला की त्या पायाकडे. दुवा अधांतरी हवा तोही यासाठीच. तो तळावर लोळत असता तर भार तिसऱ्याच जागी वाटला गेला असता आणि पायांचा खेळ बिघडला असता. दुव्याचा कडकपणा आणि खंडांची संख्या बदलून पाहिल्यावर चाल कशी बदलते, हेही त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे दिशा छपाईच्या वेळी शरीरातच लिहिली जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम, घर्षण भाराच्या सरळ प्रमाणात, हा जेलला नीट लागू होत नाही. जपानमध्ये गोंग आणि ओसादा यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की जेलचं घर्षण भाराला सैल प्रतिसाद देतं आणि स्पर्शक्षेत्र, वेग, पृष्ठभाग यांनी बरंच ठरतं. त्यात आकसलेलं पीनिपाम फुगलेल्यापेक्षा चिकटही असतं. त्यामुळे खालचं माझं गणित दिशा दाखवण्यापुरतंच.

आता ओझं

‘छोटं ओझं वाहून नेणारं जेल’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: ओढून, उचलून की पाठीवर? तिन्हींची उत्तरं फार वेगळी आहेत.

समजा पट्टी ५ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब, आणि लवचीकता गुणांक, म्हणजे ताणाला होणाऱ्या विरोधाचं माप, १० किलोपास्कल, जो अशा मऊ जेलांना शोभेल असा आहे. ही पट्टी सरळ आकसून ओढायला लावली तर बळ फार तर ०.०५ न्यूटन, म्हणजे ५ ग्रॅम वजनाइतकं. वाईट नाही. तीच पट्टी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाने ५ मिलिमीटर वाकवून उचलायला लावली तर? तुळईचं साधं सूत्र लावलं की उत्तर येतं ०.८ मिलिग्रॅम. सहा हजार पटींची घसरण, पदार्थ तोच. कारण वाकण्याचा कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो आणि पातळ मऊ पट्टीकडे तो नसतोच.

मग चित्रफितींत जेल मणी उचलताना दिसतं ते कसं? पाण्यामुळे. पॉलिस्टायरीनची घनता पाण्यापेक्षा फक्त पाच टक्के जास्त. ३ मिलिमीटर व्यासाचा मणी हवेत सुमारे १५ मिलिग्रॅम भरतो, पाण्यात ०.७ मिलिग्रॅम. डोळ्यांना तो ‘ओझं’ दिसतो, जेलला जवळजवळ काहीच जाणवत नाही. यात फसवणूक नाही, पण ‘स्वतःच्या वजनाच्या इतके पट’ अशा वाक्यांआधी माध्यम कोणतं होतं ते पाहून घ्यावं. पाण्यातल्या वजनाने हिशेब मांडला तर अशा बऱ्याच दाव्यांची हवा निघते.

जाडी वाढवली तर? दुप्पट केली की बळ आठपट होतं, पण फेऱ्याचा वेळ चौपट. मघाचा तो वर्गाचा नियम. शक्ती आणि वेग यांतलं एकच मिळतं, आणि यातून सुटायचं तर पदार्थ बदलावा लागतो.

ग्रासियस यांच्या गटाने २०१५ मध्ये थोडं तेच केलं होतं. त्यांचे सूक्ष्म चिमटे पीनिपामच्या साखळीत ॲक्रिलिक आम्ल गुंफलेल्या जेलचे होते, पण त्यावर पॉलिप्रॉपिलीन फ्युमरेट या कडक, न फुगणाऱ्या पॉलिमरचे तुकडे बसवले होते. निबंधात त्यांनी स्पष्टच लिहिलं आहे की नुसत्या जेलचा गुणांक इतका कमी असतो की पकड किंवा शस्त्रक्रियेतलं काप-छाट त्याला जमत नाही. जेलने वळवायचं, कडक तुकड्यांनी धरायचं, अशी कामाची वाटणी झाली. जेलमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिसळले होते, त्यामुळे चिमटा इकडून तिकडे न्यायचं काम बाहेरच्या चुंबकाने केलं. म्हणजे २०१५च्या कामात पकड सुधारली आणि प्रवास चुंबकाकडे सोपवला. २०२२च्या कामात प्रवास जेलने स्वतः केला आणि भर चालीवरच राहिला. दोन्ही एका अंगात आणणं हे त्या पुढचं पाऊल, आणि ते दिसतं तितकं सरळ नाही.

का, ते रांगत्या जेलच्या पाठीवर कल्पनेतच ओझं ठेवून पाहू. समजा तुकड्याचं पाण्यातलं वजन २० मिलिग्रॅम आहे आणि भाराची वाटणी आकसताना पुढच्या-मागच्या पायांवर १२ आणि ८, फुगताना ८ आणि १२ अशी होते. फरक उलटतो, चाल मिळते. आता पुढच्या पायावर बरोबर वरती ५ मिलिग्रॅम ठेवा. वाटणी होते १७ आणि ८, मग १३ आणि १२. पुढचा पाय दोन्ही वेळा जड. फरक उलटलाच नाही. जेल आकसेल, फुगेल, सगळं पूर्वीसारखंच करेल, आणि जागचं हलणार नाही. ते बळ कमी पडल्यामुळे थांबलेलं नाही. पाय बदलणं बंद झाल्यामुळे थांबलं आहे.

तेच ५ मिलिग्रॅम बरोबर मध्यावर ठेवले तर वाटणी साडेचौदा-साडेदहा आणि मग उलट. चाल शाबूत. पण मध्यावर आहे काय? तो अधांतरी दुवा, सगळ्यात मऊ जागा. ओझ्याने तो खाली झोळला आणि तळाला टेकला की तिसरा पाय तयार. दुवा जाड करून झोळ टाळायचा तर त्याचा कडकपणा बदलतो, आणि चाल त्याच्यावरही अवलंबून आहे. म्हणून माझ्या मते अशा जेलसाठी ‘किती वजन’ या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. वजन कुठे ठेवलं, हे सोबत सांगायला हवं. ओझं दोन्ही पायांवर सारखं विभागून, किंवा मुळातच शरीराच्या आत छापून, म्हणजे औषध किंवा कण जेलमध्येच मिसळून नेणं हा जास्त शहाणा मार्ग वाटतो.

फुकटचं काही नाही

‘बॅटरी नाही, वीज नाही’ याचं कौतुक झालं. तुकड्यात नाही, हे खरं. भांड्याखाली आहे. ५० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ५०वर न्यायला सव्वापाच हजार जूल लागतात. ०.८ मिलिग्रॅमचं बळ ५ मिलिमीटर चालवलं तर काम होतं एका जूलचे अडीच कोटी भाग केल्यावर त्यातला एक भाग, त्याच्याच आसपास. खर्च आणि मिळकत यांतलं अंतर दहा हजार कोटी पटींहून जास्त. कार्यक्षमता हा या जेलांचा गुण नव्हे, आणि त्यावर त्यांना नापास करण्यातही अर्थ नाही. मुद्दा इतकाच की उष्णता जिथे आयती उपलब्ध आहे, आणि वर-खाली होते आहे, तिथेच त्यांचा विचार करावा.

वेळेच्या पेचातून सुटण्याचा एक वेगळा मार्ग जपानच्या रिकेन संस्थेत ताकुझो आइदा आणि यासुहिरो इशिदा यांच्या गटाने २०१५ मध्येच दाखवला होता. त्यांच्या पीनिपाम जेलमध्ये टायटॅनियम ऑक्साइडचे अतिपातळ पत्रे आहेत, चुंबकीय क्षेत्राने एकमेकांना समांतर लावलेले. पत्र्यांवर सारखाच विद्युतभार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. ३२ अंश ओलांडले की साखळ्या पाण्यावरची पकड सोडतात, पत्र्यांमधलं प्रतिकर्षण वाढतं, आणि जेल त्या दिशेने लांब होतं. पाणी बाहेर जातच नाही, नुसतं आतल्या आत वागणूक बदलतं, त्यामुळे तासांचं काम सेकंदावर येतं आणि हवेतही चालतं. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा तुकडा त्यांनी असाच चालवून दाखवला. वेगात बाल्टिमोरचं जेल याच्या जवळपासही नाही. पण त्याला पत्रे नकोत, चुंबक नको; दोन शाया आणि एक छपाईयंत्र पुरतं.

कुठे वापरावं

उपयोगाच्या यादीत शरीराचं नाव नेहमी पहिलं येतं, आणि रांगत्या जेलच्या बाबतीत मला ते पटत नाही. चिमट्याला शरीरात एकदाच वळायचं असतं: गार ठिकाणाहून आत नेला, ३७ अंशांजवळ पोचला, मिटला, काम झालं. चालायला मात्र फेरे लागतात. पोटात तापमान ३० ते ५० असं वर-खाली करणारं कोणी नाही, आणि केलं तर रुग्ण शिल्लक राहणार नाही. तिथे चालवायचं तर आंबटपणा किंवा एखादं जैवरसायन अशी दुसरी खूण ओळखणारं जेल हवं.

फेरे आयते कुठे मिळतात? दिवस-रात्रीत. विदर्भातल्या उथळ पाण्यात उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या मध्ये ३२चा उंबरठा येऊ शकतो, आणि नसेल येत तर घटक बदलून तो तिथे आणता येतो. पुण्याच्या त्या कामाचा उपयोग इथेच. बारा तासांचा अर्धा फेरा म्हटलं की जाडीचं बंधन सैल होतं. सक्रिय थर १ मिलिमीटरचा चालतो, कारण त्याला ११ तास पुरतात. पट्टी मग २ मिलिमीटर जाड, बळ आठपट, म्हणजे सहा मिलिग्रॅमच्या वर. पाण्यातलं हे वजन म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचा पॉलिस्टायरीनचा मणी. दिवसाला एक पाऊल, पाठीवर एवढा मणी, आणि तो मणी दोन पायांच्या बरोबर मध्ये.